जुन्या मोटरसायकलचा पेट्रोलचा काटा नाचतोय? मीटर बदलण्याआधी हे बघा

पंधरा-सोळा वर्षं जुनी शंभर-दीडशे सीसी गाडी आणि तिचा पेट्रोलचा काटा शहाण्यासारखा वागतोय, असं क्वचितच दिसतं. टाकी अर्धी असताना काटा लाल पट्टीत जाऊन बसतो, वळण घेतलं की वर उसळी मारतो, आणि ज्या दिवशी त्याच्यावर विसंबावं नेमकी त्याच दिवशी गाडी पुलाच्या चढावर भुकभुक करून बंद पडते. गॅरेजमध्ये दोनच उत्तरं ठरलेली असतात. एक, "मीटर गेलंय, बदलावं लागेल." दुसरं, "काट्याकडे बघताच कशाला, किलोमीटर मोजा की." पहिलं उत्तर महाग आणि बऱ्याचदा चुकीचं. दुसरं फुकट आहे, त्यात थोडं तथ्यही आहे, पण सोबतीला रिझर्व्हचा कॉक, म्हणजे राखीव पेट्रोल सोडणारी टाकीखालची तोटी, धड असेल तरच.

काटा बिघडलाय एवढंच म्हणून चालत नाही. तो कधी, कुठे आणि कसा हलतो हे नीट पाहिलं तर निम्मं निदान पाना हातात घेण्याआधीच होतं.

यंत्रणा अगदी साधी आहे. टाकीत तारेच्या एका दांडीला पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट लावलेला असतो. पेट्रोल कमी-जास्त होईल तशी दांडी वर-खाली होते आणि तिच्या मुळाशी असलेली बारीक धातूची पट्टी रेझिस्टन्सच्या (करंटला अडवणाऱ्या) ट्रॅकवरून घासत सरकते. या अख्ख्या जोडणीला कोणी टँक युनिट म्हणतं, कोणी सेन्सर, कोणी नुसतं फ्लोट. तिथून दोन वायरी निघतात, एक सिग्नलची आणि एक अर्थची, म्हणजे करंट चॅसीमार्गे बॅटरीकडे परत नेणारी. जपानी घराण्यातल्या बऱ्याच गाड्यांत टाकी फुल असताना हा रेझिस्टन्स जेमतेम पाच-दहा ओहम असतो आणि टाकी रिकामी झाली की नव्वद-शंभरच्या घरात जातो. मीटर फक्त हा आकडा काट्याने दाखवतं. म्हणून अशा गाडीत वायर तुटली तर काटा 'ई'वर (रिकामी) पडतो आणि सिग्नलची वायर कुठे चॅसीला टेकली तर 'एफ'वर (फुल) जाऊन चिकटतो. काही गाड्यांत हे उलटं असतं, पण शोधण्याची रीत तीच.

खराबी नसलेल्या गोष्टी आधी बाजूला काढा

गाडी साइड स्टँडवर उभी असताना काट्याचं काहीही ऐकू नका. मोटरसायकलची टाकी चॅसीच्या पाइपवर दोन्ही बाजूंना पाय टाकून बसलेली असते, आणि युनिट त्यातल्या एकाच बाजूला असतं. गाडी डावीकडे कलली की पेट्रोल डावीकडे जमतं. युनिट डावीकडे असेल तर टाकी अचानक श्रीमंत होते, उजवीकडे असेल तर गरीब. खंबाटकी किंवा कसारा चढताना काटा थोडा सरकतो तोही याच कारणाने. बघायचं तर गाडी सपाट जागी, मेन स्टँडवर.

दुसरं म्हणजे चावी बंद केल्यावर काटा आहे तिथेच थांबतो आणि खाली पडत नाही, यात घाबरण्यासारखं काही नाही. बऱ्याच मीटरमध्ये काट्याला मागे ओढणारी स्प्रिंगच नसते आणि आत दाट सिलिकॉन तेल असतं. त्यामुळे चावी बंद ठेवून पेट्रोल भरलं तर चावी दिल्यावर काटा सावकाश वर चढतो. या काही सेकंदांत पंपावर किती भांडणं होत असतील कोण जाणे. पंपावाल्याने मापात पाप केल्याची शंका खरोखरच असेल तर काट्याकडे बोट दाखवू नका. प्रत्येक पंपावर पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप असतं, ते मागून घ्या आणि त्यात मोजून दाखवायला सांगा.

आता काट्याचं वागणं बघा

इंजिन बंद, चावी ऑन, इंडिकेटर लावा. काटा इंडिकेटरच्या ठेक्यावर हलायला लागला तर युनिटला हातही लावू नका. दोष अर्थमध्ये किंवा बॅटरीत आहे. इंडिकेटरचे बल्ब बऱ्यापैकी करंट ओढतात. अर्थचा जोड गंजलेला असेल तर त्या करंटमुळे तिथे व्होल्टेज पडतं आणि त्याच अर्थवर बसलेला काटा दर वेळी दचकतो. ब्रेक दाबून आणि हॉर्न वाजवूनही बघा. हेडलाइट लावून मात्र हे तपासू नका, कारण पुष्कळ जुन्या गाड्यांचा हेडलाइट बॅटरीवर नसतोच, तो थेट मॅग्नेटोच्या, म्हणजे इंजिनबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या भागाच्या, एसी करंटवर चालतो. इंजिन चालू करून थोडी रेस दिल्यावर काट्याचं दचकणं थांबलं तर बॅटरी थकली आहे. मल्टिमीटर (व्होल्ट, ओहम मोजणारं यंत्र) असेल तर गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर बॅटरीवर साडेबारा व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत आणि मध्यम रेसला साडेतेरा ते साडेचौदा. पंधराच्या वर जात असतील तर चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेलाय. तो आधी बदला, नाहीतर काटा राहील बाजूला आणि बल्ब उडत बसतील.

मग जागेवरच हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवा. त्याबरोबर काटा पडला किंवा उसळला तर हेडलाइटच्या मागे, जिथे वायरिंगचा जुडगा हँडलबरोबर रोज वाकतो, तिथे आतली तार तुटली आहे. बाहेरून वायर धडधाकट दिसते, प्लास्टिकच्या आत मात्र तांब्याचे चार धागे उरलेले असतात. एकेक वायर बोटांत धरून हलके ताणा. तुटलेली वायर रबरासारखी लांबते.

खड्ड्यात गाडी आदळली की काटा एकदम 'ई'वर आणि लगेच परत, असं होत असेल तर कनेक्टर ढिला आहे. पण काटा झटका न खाता ब्रेक मारल्यावर पुढे, रेस दिल्यावर मागे असा संथ डोलत असेल, तर टाकीतलं पेट्रोल हिंदकळतंय आणि ते हिंदकळणं गिळून टाकणारं मीटरमधलं सिलिकॉन तेल गळून किंवा सुकून गेलंय. हे दोन प्रकार वेगळे ओळखता आले पाहिजेत. कनेक्टरचा उपाय फुकट आहे, तेलाचा तसा नाही.

सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार निराळाच. वरच्या भागात काटा नीट चालतो, पाव टाकीच्या आसपास आला की वेडा होतो: कधी शून्य, कधी अर्धा, कधी थरथर. हा घासलेला ट्रॅक. आपल्याकडे टाकी फुल करणारे किती? शंभर-दोनशेचं पेट्रोल टाकायचं, संपत आलं की पुन्हा तेवढंच. त्यामुळे पट्टी वर्षानुवर्षं ट्रॅकच्या खालच्या टोकाला पुढे-मागे घासत राहते आणि तेवढाच तुकडा झिजतो. जुन्या रेडिओचं आवाजाचं फिरतं बटण एका ठराविक जागी खरखरतं, त्यातलाच हा प्रकार. एखाद्या गाडीचा काटा अर्ध्यावरच उडी मारत असेल तर मालक नेहमी निम्मी टाकी ठेवणारा आहे असं खुशाल समजा.

काटा अर्ध्याच्या वर जातच नाही? फ्लोटला भोक पडून आत पेट्रोल शिरलं असेल किंवा दांडी गंजाने अडकली असेल. कायम 'ई'वर असेल तर सर्किट कुठेतरी तुटलंय. कायम 'एफ'वर असेल, आणि विशेषतः हे सर्व्हिसिंगनंतर सुरू झालं असेल, तर टाकी बसवताना वायर टाकी आणि चॅसीच्या मध्ये चिरडली आहे. सीट आणि टाकीचा मागचा बोल्ट काढून नुसती टाकी उचलली तरी ती दिसते.

दोन मिनिटांची चाचणी

मीटर दोषी की युनिट, हा वाद मिटवायला एक वायरचा तुकडा पुरतो. टाकीखाली युनिटचं दोन वायरींचं कनेक्टर असतं, ते सोडवा. चावी ऑन करा. वर सांगितलेल्या, फुल टाकीला कमी ओहम दाखवणाऱ्या प्रकारच्या गाडीत काटा 'ई'वर जायला हवा. आता गाडीच्या बाजूच्या कनेक्टरमध्ये, टाकीच्या बाजूच्या नव्हे, दोन्ही पिना वायरच्या तुकड्याने जोडा. काटा चढत चढत 'एफ'वर जायला हवा. पोचला की तुकडा लगेच काढा. काही जुन्या मीटरमध्ये गरम होऊन वाकणारी पट्टी असते, तिला असं फार वेळ जोडून ठेवलेलं मानवत नाही.

काटा दोन्ही टोकांना बिनतक्रार गेला तर मीटर, त्याचा पुरवठा आणि तिथवरची वायर ठीक आहे. दोष टाकीत. हललाच नाही तर तुकड्याचं एक टोक सिग्नलच्या पिनेत आणि दुसरं चॅसीच्या रंग खरवडलेल्या बोल्टला लावा. आता हलला तर अर्थची वायर गेली. होंडाच्या रंगपद्धतीत हिरवी वायर म्हणजे अर्थ आणि पिवळी-पांढरी म्हणजे पेट्रोलचा सिग्नल. दुसऱ्या कंपन्यांचे रंग वेगळे, आणि आधी कोणी वायरिंग बदललं असेल तर रंगावर भरवसाच नको.

ही चाचणी करताना कनेक्टरमध्ये डोकावा. पिनांवर हिरवट पूड दिसली तर ती पावसाची आणि सर्व्हिस सेंटरमधल्या प्रेशरच्या पाण्याची देणगी. टाकीखाली शिरलेलं पाणी तिथे दिवसेंदिवस सुकत नाही. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारा, पिना बारीक सुईने खरवडा, मादी पिनेचं तोंड पकडीने किंचित आवळा आणि जोडताना थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस (वायरिंगच्या जोडांसाठीचं) लावा. कोकणातल्या गाड्यांचं बहुतांश दुखणं इथेच संपतं. साधं चाकांचं ग्रीस मात्र भरू नका, त्यात धूळ बसते.

युनिट बाहेर काढताना

आता पेट्रोलशी गाठ आहे, तेव्हा थोडं गंभीर होऊ. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल आधी काढा. काम उघड्यावर करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि वाटेत सापडेल त्या ठिणगीपर्यंत जाते. इमारतीचं बंद पार्किंग, गॅस गीझरची खिडकी, समई लावलेलं देवघर, यांच्यापासून लांब. कॉकची नळी काढून सगळं पेट्रोल झाकणाच्या धातूच्या डब्यात घ्या. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या या कामाच्या नाहीत.

बहुतेक गाड्यांत युनिट टाकीच्या पोटाला खालून चार बोल्टांनी किंवा नटांनी बसवलेलं असतं. टाकी जुन्या गोधडीवर उलटी ठेवा आणि नट समोरासमोरचे असे थोडे थोडे सैल करा. युनिट सरळ ओढून निघत नाही. दांडी लांब असते आणि भोक लहान, म्हणून आधी दांडीची दिशा ओळखा, मग तिरकं करत फ्लोट बाहेर काढा. इथे ताकद लावली की दांडी वाकते आणि पुढे काटा आयुष्यभर खोटं बोलतो.

युनिट हातात आल्यावर उजेडात धरा. ट्रॅकच्या जागी एका चपट्या तुकड्याभोवती केसाएवढी बारीक तार गुंडाळलेली दिसेल, किंवा नव्या धाटणीच्या युनिटमध्ये पांढऱ्या सिरॅमिकवर छापलेल्या बारीक रेघा. चांगल्या ट्रॅकवर पट्टीची चमकदार वाट दिसते. झिजलेल्या ट्रॅकवर ती वाट एका जागी खोल आणि काळपट होते, कधी तारेचा एखादा वेढा सरकून शेजारच्यावर चढलेला असतो. मल्टिमीटर दोनशे ओहमवर ठेवा, टोकं दोन्ही वायरींना लावा आणि दांडी अगदी हळू खालून वर न्या. आकडा सलग उतरत गेला पाहिजे. मध्येच स्क्रीनवर नुसता '१' किंवा 'ओएल' आला तर त्या जागी ट्रॅक तुटलेला आहे. काट्याचा जुना मल्टिमीटर कोणाकडे असेल तर तो मागून आणा. डिजिटलचे आकडे उशिरा बदलतात, काट्याचा मीटर क्षणभराचा खंडही दाखवतो.

नुसता चिकटा आणि काळपटपणा असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने ट्रॅक पुसा, सिरॅमिकवरच्या रेघा पांढऱ्या खोडरबरने हलके घासा, आणि पट्टी ट्रॅकवर नीट टेकत नसेल तर केसभर आत दाबा. पॉलिश पेपर लावू नका. तार इतकी बारीक असते की दोन हातांत ती संपते. ट्रॅक खरोखर तुटला असेल तर त्याला सोल्डर करण्याचे उद्योग टिकत नाहीत, युनिट नवं घ्या.

फ्लोट कानाशी धरून हलवा. आत खळखळ झाली तर त्यात पेट्रोल आहे. शंका असेल तर पेट्रोलच्या डब्यात सोडून बघा, चांगला फ्लोट निम्म्याहून जास्त वर तरंगतो. पितळी फ्लोटचं भोक सोल्डरने बुजवता येतं असं सांगणारे भेटतील. आत पेट्रोलची वाफ असलेल्या बंद डबीला गरम सोल्डरिंग आयर्न लावण्याचा सल्ला मी तरी देणार नाही.

दांडी अडकत असेल तर कारण टाकीत आहे, युनिटमध्ये नाही. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायला लागल्यापासून हा प्रकार जुन्या गाड्यांत जास्त बघायला मिळतो. देशात 10 टक्क्यांचा टप्पा 2022 मध्ये पूर्ण झाला, 2023 पासून 20 टक्क्यांचं पेट्रोल यायला लागलं, आणि 2008-10 सालच्या गाड्यांचे रबरी वायसर, गॅस्केट या 20 टक्क्यांचा विचार करून बनवलेलेच नव्हते. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गाडी महिनोन्महिने अर्ध्या टाकीवर उभी राहिली तर ते पाणी इथेनॉलला घेऊन तळाशी बसतं, नेमकं युनिटच्या बुडाशी, आणि तिथे गंज चढतो. अशी गाडी घरी असेल तर ती उभी ठेवताना टाकी एकतर काठोकाठ भरा किंवा पूर्ण रिकामी करून कोरडी करा.

नवं युनिट घेताना जुनं सोबत न्या. पुण्यात नाना पेठेत, स्पेअर पार्टच्या बाजारात गेलात तर एकाच गाडीसाठी तीन किमतींची तीन युनिटं समोर येतील, दिसायला सख्खी भावंडं. दुकानातच मल्टिमीटर लावून दोन्ही टोकांचे ओहम बघा. स्वस्त डुप्लिकेटमध्ये फरक असतो. मग फुल टाकीला काटा पाऊणवर थांबतो आणि आपण पुन्हा मीटरला शिव्या देतो. गॅस्केट किंवा ओ-रिंग नवीनच घ्या. जुन्याच रिंगवर सिलिकॉनचा लेप थापून बसवण्याची सवय वाईट आहे, पेट्रोलमध्ये तो फुगून सुटतो आणि त्याचे तुकडे कॉकमार्गे कार्ब्युरेटरपर्यंत जातात. नट तिरक्या जोडीने, हलक्या हाताने आवळा. आधी अर्धा लिटरच टाका, दहा मिनिटं थांबा, बुडाला बोट फिरवून ओल नाही ना बघा, मग बाकीचं ओता.

मीटरच खराब निघालं तर

मीटर उघडल्यावर लगेच निराश होऊ नका. पेट्रोलच्या गेजमागे, म्हणजे मीटरमधल्या पेट्रोलच्या काट्याच्या भागामागे, बहुधा तीन छोटे स्क्रू असतात: एक चावीनंतरचा पुरवठा, एक अर्थ, एक सिग्नल. मीटरमधली छापील सर्किटची पातळ पट्टी याच स्क्रूंनी दाबलेली असते. वर्षानुवर्षांच्या थरथराटाने ते सैल होतात. सोडवा, खालचा गोल डाग खोडरबरने पुसा, पुन्हा आवळा. आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण स्क्रूंची अदलाबदल झाली की नवीन कोडं सुरू.

तेल गेलेलं गेज किंवा जळलेली कॉइल असेल तर मोठ्या शहरांत फक्त मीटर दुरुस्त करणारे कारागीर असतात, ते दुसऱ्या मीटरमधलं गेज काढून बसवून देतात. अख्खं मीटर बदलणं मी शेवटी ठेवतो, आणि त्याला पैशांपलीकडचं कारण आहे: किलोमीटर शून्यापासून सुरू होतात. उद्या गाडी विकायला काढली की पंधरा वर्षांच्या गाडीवर तीन हजार किलोमीटर बघून गिऱ्हाईक तुमच्याकडे ज्या नजरेने बघेल त्याला उत्तर नाही. बदललंच तर जुनं मीटर आणि बिल जपून ठेवा.

सगळं झाल्यावर काटा एकदा मापून घ्या. गाडी रिझर्व्हवर आली की मेन स्टँडला लावून एकेक लिटर पेट्रोल टाकत काटा कुठवर येतो ते लिहून ठेवा. काट्याच्या खुणा आणि लिटर यांचा हिशोब क्वचितच सरळ लागतो, कारण टाकी खाली निमुळती आणि वर रुंद असते; वरचा अर्धा काटा सावकाश उतरतो आणि खालचा धावत सुटतो. रिझर्व्ह लागायच्या थोडं आधी काटा लालमध्ये शिरत असेल तर तसाच राहू द्या. रिझर्व्ह लागूनही तो पावच्या वर दाखवत असेल तर फ्लोटची दांडी किंचित वरच्या बाजूला वाकवावी लागते, म्हणजे तेवढ्याच पेट्रोलला काटा खाली वाचेल. एका वेळी दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त नको. दांडी वाकवली की फुल टाकीचं वाचनही सरकतं, म्हणून तेही पुन्हा बघा, आणि फ्लोट टाकीच्या छताला किंवा कॉकच्या उभ्या नळीला अडत नाही ना, हे नट आवळण्याआधी टाकी हलवून आवाजावरून तपासा.